लांबच्या पाखराचा आवाज आणि मागचं ते 'शूं'

तक्रार दर पावसाळ्यात तीच असते. दरीपलीकडे शीळकरी कस्तूर गातोय, कानाला स्वच्छ ऐकू येतंय. रेकॉर्डर चालू करून पाच मिनिटं श्वास रोखून उभे राहिलात. घरी येऊन फाइल लावली, तर कस्तूर कुठेतरी मागे आणि पुढे नुसतं 'शूंऽऽऽ'. आवाज वाढवावा तर शूंही तेवढंच वाढतं. मग माणूस नवा रेकॉर्डर घेतो. पुढच्या जुलैत तीच दरी, तोच कस्तूर, तेच शूं.

मी या फेऱ्यात एक रेकॉर्डर आणि दोन माईक उगाच घेतले. त्यातला रेकॉर्डर तर अगदीच अनाठायी, कारण दोष रेकॉर्डरमध्ये नव्हताच. शूं चार-पाच ठिकाणांहून येऊ शकतं. ते कुठून येतंय हे घरात अर्ध्या तासात कळतं, पण तो अर्धा तास कोणी घालवत नाही.

आधी अंतराचा हिशेब. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. पाखरापासून एक मीटरवर ८५ डेसिबल धरले, तर १०० मीटरवर ४५ उरतात आणि २०० मीटरवर ३९. त्यात हवा वरच्या पट्टीतला आवाज खाते. २० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ४ किलोहर्ट्झचा आवाज दर १०० मीटरला साधारण २.३ डेसिबलने घटतो, ८ किलोहर्ट्झचा साडेसातहून जास्त. मधली झाडी, धुकं आणि पागोळ्या वेगळ्याच. उलट बाजूने बघा: २०० मीटरवरून ५० मीटरवर सरकलात तर १२ डेसिबल फुकट मिळतात. एवढा फरक दुकानातून विकत आणायचा तर खिसा चांगलाच हलका होतो. १८८९ साली जर्मनीत लुडविग कोख नावाच्या लहान मुलाने मेणाच्या सिलिंडरवर शामा या पक्ष्याचा आवाज धरून ठेवला. पक्ष्याच्या आवाजाच्या सर्वांत जुन्या ज्ञात मुद्रणांत ते गणलं जातं. आपल्या सह्याद्रीतही असते तीच शामा. त्या काळच्या यंत्रावर ते जमलं, कारण पक्षी घरात पाळलेला होता, कर्ण्याच्या जवळ.

दरी ओलांडून जवळ जाता येत नाही, हे मान्य. तर मग पुढे.

व्हाळ (म्हणजे ओढा) वाजतोय का?

आंबोलीला हिरण्यकेशीच्या वाटेवर मी एकदा पाऊण तास शूंशी झटत होतो. केबल बदलली, सेल बदलले, माईकला शिव्या घातल्या. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका छत्री घेऊन शेजारी उभे होते. त्यांनी हेडफोन मागून घेतला, दोन क्षण ऐकलं आणि परत दिला. म्हणाले, "मशीन बरा हा. व्हाळ वाजता तो."

वाटेचं वळण ओलांडून तीस-चाळीस पावलं खडकाआड गेलो, आणि शूं निम्म्याहून कमी झालं. कस्तूर हा पक्षी ओढ्याकाठचाच, त्यामुळे पाणी त्याच्या आवाजात असणारच. आपला मेंदू पाणी बाजूला सारून शीळ तेवढी उचलतो. माईकला ती निवड येत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. हेडफोन लावा आणि माईक हळूहळू पूर्ण गोल फिरवा. दिशेप्रमाणे शूं कमीजास्त झालं तर ते जंगलातलं, जराही बदललं नाही तर यंत्रातलं. माईक चहूकडचं ऐकणारा असेल तर त्याला टॉवेलच्या चार घड्या गुंडाळा. टॉवेलमध्येही शूं तसंच राहिलं की पाण्यावर आळ घेऊ नका. घरी आल्यावर ऑडॅसिटी या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये फाइलचा स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या पट्टीत किती आवाज आहे त्याचं चित्र) उघडूनही हे दिसतं. यंत्राचं शूं खालपासून थेट २० किलोहर्ट्झपर्यंत एकसारखं पसरलेलं असतं. लांबच्या ओढ्याचं खाली दाट असतं आणि वर जाताना विरतं, कारण वरचा भाग हवेने खाल्लेला असतो. मधेच एक आडवी जाड पट्टी दिसली तर ते रातकिडे. त्यावर यंत्रातलं औषध नाही, वेळ बदलायची.

रात्री दोन वाजता, गोधडीत

शूं यंत्रातलंच आहे असं ठरलं की पुढचा प्रश्न: माईकचं की रेकॉर्डरचं? दोघांचं शूं कानाला सारखंच लागतं, म्हणून अंदाजाने ठरवू नका.

रात्री उशिरा पंखा बंद करा, फ्रिज बंद करा (सकाळी आठवणीने चालू करा, माझं एकदा दोन लिटर दूध नासलं). माईक कपाटात गाद्या-गोधड्यांच्या मध्ये ठेवा. जंगलात जेवढा गेन (माईकचा आवाज रेकॉर्डरने किती वाढवून घ्यायचा ते) ठेवता तेवढाच ठेवून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग माईक काढून त्या जागी मुकी पिन लावा आणि पुन्हा अर्धा मिनिट घ्या.

मुकी पिन म्हणजे काय, तर ज्यात माईक नाही पण रेकॉर्डरला माईक आहे असं वाटतं. साधी ३.५ मिमीची पिन असेल तर तिच्या टोकाच्या आणि मुळाच्या जोडणीत १ किलोओहमचा रेझिस्टर डागायचा. एक्सएलआर (तीन पिनांचा जाड जोड) असेल तर २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा. पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं चहाच्या पैशांत मिळतं. मुकी पिन लावलेली असताना फँटम किंवा प्लग-इन पॉवर (रेकॉर्डर माईकला पुरवतो ती वीज) बंद ठेवा. नुसती पिन उपसून मोकळ्या भोकाने चाचणी करू नका. बऱ्याच हातातल्या रेकॉर्डरमध्ये पिन काढली की आतले माईक आपोआप चालू होतात आणि तुम्ही भलत्याच गोष्टीचं शूं मोजत बसता. मी बसलो होतो.

आता दोन्ही फाइलींतल्या शूंची पातळी बघा. मुक्या पिनेवर ते आठ-दहा डेसिबलने पडलं, तर शूं माईकचं होतं. जेमतेम एक-दोन डेसिबल पडलं, तर ते रेकॉर्डरच्या आतल्या प्रीॲम्पचं, म्हणजे माईकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागाचं.

इथे एक मेख आहे, आणि माझा रेकॉर्डर तिच्यापायी वाया गेला. माझ्या चाचणीत फरक पडला जेमतेम एक डेसिबलचा. म्हणजे रेकॉर्डरच वाईट, असं ठरवून मी दुसरा आणला. त्यावरही तेच. कारण माईक होता आमच्या भजनी मंडळाचा, तोंडाजवळ धरून गायचा डायनॅमिक. असा माईक ९४ डेसिबलच्या दणक्याला २ मिलिव्होल्ट देतो. रात्रीच्या दरीतली २० डेसिबलची कुजबूज त्याच्यापाशी पोचली की ०.४ मायक्रोव्होल्ट निघतात. बऱ्यापैकी रेकॉर्डरच्या प्रीॲम्पचं स्वतःचं शूं, माहितीपत्रकात ज्याला इआयएन म्हणतात ते, उणे १२० डीबीयू (व्होल्ट मोजायचं डेसिबलचं माप, उणे जितकं जास्त तितकं शूं कमी) धरलं तरी पाऊण मायक्रोव्होल्टच्या वर जातं. म्हणजे आवाजापेक्षा शूं जवळजवळ दुप्पट. त्याच रेकॉर्डरला मी प्रिमो कंपनीच्या ईएम२७२ या कॅप्सूलची जोडी लावली. तो नखाएवढा माईक तेवढ्याच दणक्याला ४० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे त्याच कुजबुजीला ८ मायक्रोव्होल्ट, प्रीॲम्पच्या शूंच्या दहापट. जुना रेकॉर्डर एका रात्रीत 'सुधारला'.

तेव्हा मुक्या पिनेने रेकॉर्डरकडे बोट दाखवलं तरी लगेच पाकीट काढू नका. आधी जास्त व्होल्ट देणारा माईक त्याला लावून बघा. रेकॉर्डर बदलून मिळणाऱ्या फायद्याला छत आहे. १५० ओहमच्या रेझिस्टरचं नुसत्या उष्णतेमुळे होणारं शूंच उणे १३१ डीबीयूच्या आसपास असतं, त्याखाली कोणी जाऊ शकत नाही. झूम कंपनीच्या एफ३ या रेकॉर्डरचा आकडा उणे १२७ आहे. उरले किती? चार डेसिबल. आणि ३२-बिट फ्लोट या रेकॉर्डिंगच्या प्रकाराचं जे कौतुक चालतं, त्याचा शूंशी काही संबंध नाही. अचानक वीज कडाडली तर फाइल फाटत नाही, हा त्याचा उपयोग. पावसाळ्यात तो मोठा आहे, पण तो वेगळा विषय.

सेटिंग्जमधल्या दोन चुका वारंवार भेटतात. पहिली, ऑटो लेव्हल (रेकॉर्डरने गेन आपोआप कमीजास्त करणं) चालू राहणं. हिची खूण अशी: पक्षी गायला की शूं दबतं, तो थांबला की दोन सेकंदांत फुगून वर येतं, लाटेसारखं. मेन्यूत जाऊन ते बंद करा. दुसरी, 'गेन कमी ठेवू, घरी वाढवू' ही कल्पना. लहान रेकॉर्डरवर कमी गेनला पुढच्या भागाचं शूं आत मिसळतं आणि घरी तेही वाढवलं जातं. मी सगळ्यांत मोठी शीळ उणे १५ डेसिबलच्या जवळपास जाईल इतका गेन देतो. ईएम२७२सारख्या कॅप्सूलला प्लग-इन पॉवर लागते, ती मेन्यूत बंद असेल तर आवाज मेल्यासारखा येतो आणि आपण गेन चढवत राहतो. फोनच्या हेडसेटची पिनही तपासा. तिच्यावर तीन काळी वळी असतात, रेकॉर्डरला दोन वळ्यांची लागते.

शूं खरोखर माईकचं असेल, तर माहितीपत्रकात 'सेल्फ नॉइज', म्हणजे माईकचं स्वतःचं शूं, शोधा; आकडा जितका कमी तितका माईक शांत. ईएम२७२चा आकडा १४ डीबीए आहे, सेनहायझरच्या एमकेएच ४१६चा १३, रोड कंपनीच्या एनटी१-एचा ५. शेवटचा सगळ्यांत शांत, पण तो स्टुडिओतला जीव. त्याला ४८ व्होल्टचं फँटम लागतं आणि आंबोलीची हवा सोसत नाही. कॉलरला लावायच्या स्वस्त माईकवर हा आकडा बहुधा छापलेलाच नसतो, त्यावरून काय ते समजा. दोन सारखे माईक शेजारी ठेवून त्यांचे आवाज एकत्र केले तर शूं ३ डेसिबलने उतरतं, चार ठेवले तर ६. गरिबाचा उपाय आहे, पण चालतो.

शॉटगनबद्दल, म्हणजे लांब नळीच्या माईकबद्दल, एकच वाक्य: ती आजूबाजूचं कापते, लांबचं जवळ आणत नाही. लांबचं गोळा करते ती डिश.

गच्चीवरची जुनी डिश

टीव्हीचं कनेक्शन बदललं की गच्चीवर पत्र्याची जुनी टीव्ही डिश गंजत पडते. तिच्यात माईक बसवायची कल्पना प्रत्येकाला सुचते, आणि निम्म्यांची तक्रार असते की डिश पक्ष्यावर रोखली तरी काही फरक नाही. कारणं दोन-तीनच आहेत.

एक, ही डिश वाडग्यासारखी मधोमध बघत नाही. ती ऑफसेट जातीची असते, मोठ्या वाडग्याची कापलेली एक कड म्हणा ना. तिचा चेहरा जिकडे दिसतो त्याच्यापेक्षा तिची नजर साधारण वीस-पंचवीस अंश वर असते. डिश सरळ उभी धरून समोरच्या झाडावर रोखलीत, तर ती झाडाच्या बऱ्याच वर आभाळ ऐकत असते. तिला पुढे झुकवावी लागते, इतकी की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस जमिनीतल्या मुंग्या रेकॉर्ड करतोय.

दोन, माईकचं तोंड. ते पक्ष्याकडे करायचं नाही, डिशकडे करायचं, पक्ष्याकडे पाठ. आवाज पत्र्यावर आपटून येतो. मूळचा एलएनबी (दांडीच्या टोकाचा, टीव्हीचे सिग्नल झेलणारा डबा) जिथे होता तिथेच, त्याच्या तोंडाच्या जागी, कॅप्सूल बसवा. दांडी आयती असते.

तीन, जागा दोन-तीन सेंटिमीटरने चुकणं. ४ किलोहर्ट्झच्या आवाजाची लहर साडेआठ सेंटिमीटरची, तिथे तीन सेंटिमीटर फार झाले. मी केंद्र शोधायला चॉकलेटच्या चांदीचे नखाएवढे तुकडे डिशवर आठ-दहा ठिकाणी चिकटवले, डिश उन्हाकडे केली आणि समोर पुठ्ठा पुढेमागे सरकवला. कवडसे एकमेकांवर चढत गेले आणि एका जागी सगळ्यांचा मिळून एक पांढरा ठिपका झाला. माझा माईक त्याच्यापासून चांगला चार बोटं लांब होता. चांदी सगळ्या डिशभर लावू नका आणि त्या जागी डोळा नेऊ नका, पुठ्ठ्यातून धूर निघतो. ऊन नसेल तर दुसरा मार्ग: वीस मीटरवर बागेतला नळ फरशीवर सोडा, डिश त्यावर रोखा आणि हेडफोन लावून कॅप्सूल मिलिमीटर-मिलिमीटर सरकवा. पाण्याचा आवाज जिथे सर्वांत धारदार होतो, ती जागा.

साधी मधोमध केंद्र असलेली डिश मिळाली तर गणित सोपं: व्यासाचा वर्ग भागिले खोलीची सोळापट. व्यास ५० सेंमी आणि खोली साडेबारा असेल तर केंद्र तळापासून साडेबारा सेंमीवर, म्हणजे नेमकं काठाच्या पातळीत. घमेलं, परात किंवा प्लॅस्टिकचा गोल घुमट यांच्यावर हे सूत्र लावू नका, त्यांचा बाक वेगळा असतो.

पत्रा थेंबाथेंबाला टणटणतो. मागच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे चिकटवले की गप्प बसतो. वाऱ्यात मात्र डिश म्हणजे शीड, हातात धरवत नाही. तिवईच्या पायाला दगडांची पिशवी बांधा. आणि डिशमधला आवाज पातळ, किरटा वाटणारच, कारण ती वरच्या पट्टीला जास्त उचलते, खालच्या पट्टीला कमी. मूळ फाइल तशीच जपून ठेवा. ऑडॅसिटीतलं नॉइज रिडक्शन हात राखून वापरा. जास्त लावलं की शीळ पाण्याखालून आल्यासारखी बुडबुडते, आणि कस्तूर आधीच भिजलेला असतो.

शूं नसलेले इतर आवाज

फुटाणे फुटल्यासारखं तडतड येत असेल तर कॅप्सूलवर ओल धरली आहे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे हे होणारच. माईक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. एसी लावलेल्या गाडीतून थेट बाहेर काढू नका, थंड माईकवर दमट हवेचं दव बसतं. वापरायच्या अर्धा तास आधी शर्टाच्या आत ठेवून अंगाच्या उबेवर आणा. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला मिळेल, पण तांदळाचा भुगा जाळीत शिरतो आणि मग आयुष्यभर तिथेच राहतो.

बारीक किणकिणती शिट्टी एकाच सुरात येत असेल तर पॉवर बँक काढून सेलवर चालवून बघा. बहुतेक वेळा तिथेच थांबते. 'टर्रर्र-टक-टक' हा फोन. टू-जी नेटवर्कवरचा फोन सेकंदाला २१७ वेळा ठोके देतो आणि केबल ते झेलते. फोन विमान मोडवर टाका. दणदण, फडफड असेल तर वारा. त्याला केसाळ टोपी, दुसरं काही नाही. फोमची टोपी मंद वाऱ्यापुरती.

घुबड

डिश घेऊन शृंगी घुबडाच्या मागे लागलात तर निराशा ठरलेली. त्याचा घुमा ३०० हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे लहर मीटरभराहून लांब. साठ सेंटिमीटरच्या डिशला ती दिसतही नाही. ६०० हर्ट्झच्या खाली या डिशकडून काही अपेक्षा ठेवू नये. आणि फाइलवर खालची पट्टी कापणारा फिल्टर लावायची सवय असेल तर घुबडच कापलं जाईल. कस्तूरासाठी २०० हर्ट्झपर्यंत कापलं तरी चालतं, इथे नाही.

घुबडासाठी मी दुसऱ्या टोकाने जातो. आपण जवळ जायचं नाही, यंत्र जवळ ठेवायचं. ईएम२७२ची जोडी, रेकॉर्डर आणि पॉवर पॅक (शिट्टी न मारणारा, घरी तपासलेला) एका प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात, केबलची भोकं सिलिकॉनने बुजवलेली, माईक तोंड खाली करून केसाळ टोपीत. संध्याकाळी ऊन असताना कड्याच्या पायथ्याशी झाडाला बांधायचं आणि निघून यायचं. अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वनविभागाची परवानगी आधी. तिथे घुबडाचाच आवाज वाजवून त्याला बोलवायचा प्रकार करू नये. तो चिडून उत्तर देतो आणि त्याची रात्रीची शिकार बुडते.

डबा बांधताना दोरी करकचून आवळा, नाहीतर रात्रभर फांदीची कुरकुर मिळते. सकाळी डबा उघडला की आधी सिलिकाच्या पुड्यांचा रंग बघायचा. निळ्या असतील तर फाइल तिथेच लावून ऐका, गुलाबी झाल्या असतील तर आधी माईक पुसा.